चाकाखालचा वरवंटा

हौसिंगचा लोखंडी गोळा माझ्या छातीवर बसला होता. श्वास बाहेर जात होता, आत येत नव्हता. आत ओढायला गेले की बरगड्या त्या गोळ्याला टेकायच्या आणि तिथेच थांबायच्या. बशीत चहा मावतो तेवढी हवा आत यायची. तेवढ्यावर मी होते.

मी आमच्या पिकअपखाली उताणी पडले होते. डोकं गाडीच्या तोंडाकडे, पाय मागच्या बाजूला. मागची दोन चाकं ज्या जाड दांड्याला असतात, त्याच्या मधोमध कलिंगडाएवढा गोळा असतो. त्याला आम्ही हौसिंग म्हणतो. एरवी तो जमिनीपासून वीतभर वर असतो. मागचं डावं चाक काढून तिथे जॅक लावला होता, म्हणून मी आत मावले होते. आता जॅक आडवा पडला होता, आणि चाकाच्या जागी उघडा ब्रेकचा ड्रम मातीत रुतला होता. उजव्या गालाला लागून शाफ्ट पडला होता. चौदाचा पाना अजून हातातच होता. तो हात मला दिसत होता, पण हलत नव्हता.

गाडीचं सगळं वजन माझ्यावर नव्हतं. असतं तर हे लिहायला मी उरले नसते. तीन चाकं आणि एक ड्रम यांनी ते धरलं होतं. पण ड्रम हळूहळू आत जात होता, आणि ते मला छातीवर कळत होतं.

ओरडायला हवा लागते. ती नव्हती. दहा पावलांवर पडवीत आळीतल्या बायका पापड लाटत होत्या. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. कोणाच्या तरी जावयावर चाललं होतं.

"जावई म्हनं घरातच असतो."

"मंग तो पन पापडच की. लाटायचा नि उन्हात टाकायचा."

"उन्हात टाकला तरी कडक व्हयाचा नाय तो."

सगळ्या हसल्या. मधूनमधून पीठ कुटल्याचा धप् धप् आवाज येत होता. जॅक पडला तेव्हाही तो चालूच होता. शिवाय मी गाडीखाली असले की लोखंडाचे आवाज येणारच, याची सगळ्यांना सवय होती. एवढा मोठा आवाज झाला तरी कोणी मान वळवून पाहिलं नाही.

ते पीठ ज्या वरवंट्याने कुटत होत्या तो वरवंटा सकाळपर्यंत या गाडीच्या पुढच्या चाकाखाली होता.

आता कसं झालं ते सांगते.

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. डिझेलची, पुढे तिघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा. नवरा ती पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या कच्च्या मूर्ती भरून रोह्याकडे, त्याच्या पुढे, कुठेकुठे पोचवतो. कच्च्या म्हणजे रंग न दिलेल्या. हौद्यात पेंढा पसरायचा, मूर्ती उभ्या करायच्या, मधे पेंढ्याच्या वळ्या कोंबायच्या. गाडीला हिसका बसला की सोंड जाते. म्हणून आमच्या घरात गाडीला हिसका बसता कामा नये, माणसाला बसला तरी चालेल.

सुरुवातीला गाडीची डागडुजी नवरा करायचा आणि मी पाने द्यायची. दहाचा दे, चौदाचा दे, हा नाय, तो दे. मी चौथीपर्यंत शिकले, पण पान्यावरचा आकडा वाचायला चौथी पुष्कळ झाली. मग नवऱ्याचं पोट सुटलं. तो गाडीखाली शिरायचा तर पोट बाहेर राहायचं. मी काटकुळी. एकदा म्हटलं, सरका, मी बघते. तेव्हापासून खालचं सगळं माझ्याकडे आलं. ग्रीस मारणं, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळणं, गिअरबॉक्सचं ऑइल बदलणं. डिझेलच्या लाइनीत हवा धरली की गाडी चालू होत नाही. मग फिल्टरवरची टिकली दाबत राहायची, स्क्रू सैल करायचा, फेस संपून नुसतं डिझेल येऊ लागलं की आवळायचा. हे मी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत करते.

गाडी मी कधी चालवली नाही. कोणी दिली नाही, मीही मागितली नाही. स्टिअरिंग नवऱ्याचं, गाडीचं पोट माझं. माझ्या नशिबात फिरणं नव्हतं. लग्न होऊन या गावात आले, जिते स्टेशन चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि रोहा मी मोजून पाच-सहा वेळा पाहिला असेल. सून करायला गेले ती धरून. पण एक खरं सांगते, गाडीखाली मला बरं वाटायचं. तिथे कोणी चहा मागत नाही. कोणी जेवायला वाढ म्हणत नाही. हाक मारली तरी "तेल गळतंय, थांबा" म्हटलं की अर्धा तास आपला.

त्या आठवड्यात गाडी गिअर बदलताना खालून कट् कट् वाजायला लागली आणि वेग घेताना थरथरायला लागली. शाफ्टचा क्रॉस गेला होता. इंजिनाकडून मागच्या चाकांना जोर नेणारा लांब पाइप म्हणजे शाफ्ट, आणि त्याच्या टोकाचा सांधा म्हणजे क्रॉस. पेणचा मिस्त्री म्हणाला, चार दिवसांनी आणा. दुसऱ्या दिवशी रोह्याची मूर्तींची खेप होती. थरथरत्या गाडीत मूर्ती भरणं म्हणजे पोचवल्यावर चुरा झाडून काढणं. नवरा म्हणाला, घरीच करू. डाव्या मागच्या चाकात हवा राहत नव्हती, तेही काढलं. ते चाक आणि जुन्या क्रॉसचं माप घेऊन तो रिक्षाने पेणला गेला. जाताना म्हणाला, "मी येईस्तोवर हात लावू नकोस."

तो गेला आणि मी हात लावला. तो येईपर्यंत शाफ्ट सुटला तर संध्याकाळी गाडी तयार, हा माझा हिशोब.

आमच्या गाडीला हँडब्रेक दाखवण्यापुरता आहे. ओढला की मागून दोरी ओढल्यासारखा येतो आणि चाकं तशीच फिरतात. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकापुढे काहीतरी अडकवायचं. अंगण घरापासून पुढे चराकडे उतरतं आणि गाडीचं तोंड नेहमी चराकडे असतं. घरात मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंट्याला काम उरलं नव्हतं. पाटा मोरीजवळ पडला होता, आणि वरवंटा गेली कित्येक वर्षं पुढच्या चाकापुढे. चांगला जड, काळा, माझ्या सासूचा.

मिक्सरमध्ये सगळं होतं, पोह्याच्या पापडाचं पीठ होत नाही. ते तेलाचा हात लावून दगडाने कुटावंच लागतं, नाहीतर पापड लाटताना फाटतो. म्हणून वर्षातून एकदा, पापडाच्या दिवशी, वरवंटा चाकापुढून उठतो, धुतला जातो आणि आत जातो. त्या दिवशी गाडी उभी असते आणि चाकापुढे विटा लावतात. दर वर्षी असंच. त्या वर्षी पापडाच्या दिवशी गाडी जॅकवर होती.

मी खाली शिरले होते आणि चारपैकी तीन नट काढले होते. तेवढ्यात जोडव्यांचे दोन पाय पुढच्या चाकापाशी येऊन थांबले. माझी सून. रोह्याकडची, डोंगरातली. तीन वर्षं झाली होती तिला येऊन. मी तिला कोरड्यातली म्हणायची. आमचा भाग खाडीचा, इथे माणसाला चिखलात चालता आलं पाहिजे. ती पहिल्या वर्षी भाताच्या लावणीला खारीत, खाडीकाठच्या शेतात, उतरली आणि गुडघ्यापर्यंत रुतून रडली होती. आळीतल्या बायका ते अजून सांगतात.

"आई, वरवंटा पायजे. त्या थांबल्यात."

"ने."

"गाडीला काय लावू?"

"काय नको गो. गाडी गिअरमध्ये हाय, जातेय कुठं. ने तू."

ती दोन क्षण उभी राहिली. मग वरवंटा उचलून गेली.

गाडी गिअरमध्ये असली की थांबते, कारण चाकं शाफ्टने इंजिनाला बांधलेली असतात. आणि मी तोच शाफ्ट सोडवत होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. पण त्या वेळी डोक्यात चौथा नट होता. तो गंजला होता. मी जोर लावला, तो फिरला, शाफ्ट माझ्या गालाशेजारी पडला आणि गाडी पुढे गेली. जेमतेम हातभर. जॅक लवंडायला तेवढं पुरलं.

म्हणून मी तिथे पडले होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. जावई संपला, मग कोणाच्या तरी म्हशीचं चाललं. नंतर जोडव्यांचे पाय पडवीतून उतरले. हातात पापडांचं सूप असावं, कारण ती सावकाश चालत होती.

"आई, चहा ठेवू का?"

मी बशीभर हवा घेतली आणि पाना लोखंडावर आपटायचा प्रयत्न केला. आपटला नाही, नुसता हातातून पडला. पाय थांबले. सूप खाली आलं, पापड मातीत घसरले. मग तिचं तोंड जमिनीला टेकलेलं मला आडवं दिसलं.

ती किंचाळली नाही. ते मी तिच्या बाजूला लिहून ठेवलं आहे. पडवीकडे तोंड करून म्हणाली, "सगळ्या या. आई खाली सापडल्यात."

मग पायच पाय. सहा बायकांचे बारा पाय, सगळ्यांच्या घोट्यांपर्यंत पीठ. कोणी म्हणाली ओढा, कोणी म्हणाली ओढू नका, कोणी म्हणाली तोंडात पाणी घाला. मग सगळ्यांनी मिळून गाडी उचलायची ठरवलं. हौद्याला हात लावले. एक, दोन, तीन. गाडी दोन बोटं उठली. मला एक पूर्ण श्वास मिळाला. आणि पापडाच्या तेलाने माखलेले बारा हात पत्र्यावरून सटकले.

गाडी पुन्हा बसली. आधी होती त्याहून खाली.

"अगो हात पुसा की," कोणीतरी म्हणाली.

"आता सांगतेस?"

बशीचा आता चमचा झाला होता. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले. मी ठरवलं, बोलायचं नाही, हलायचं नाही, जेवढी येते तेवढीच हवा घ्यायची. त्याच वेळी मला डोक्याखाली गार लागलं.

अमावस्येचा दुसरा दिवस होता. त्या दिवसांत दुपारी बारानंतर खाडीला उधाण येतं. बांधाला पाणी सोडायची-अडवायची जागा असते, तिला उघाडी म्हणतात. आमच्या उघाडीचं दार कुजून दोन वर्षं झाली होती. उधाणाला पाणी चरातून येतं आणि आमच्या अंगणाचा खालचा भाग भिजवून जातं. चार बोटं, कधी पाच. कोंबड्यांनाही त्याचं काही वाटत नाही. वरची माती उन्हाने वाळून सिमेंटसारखी दिसते, खाली चिखल तसाच असतो. म्हणून ड्रम रुतत होता. आणि गाडी उताराकडे तोंड करून होती, म्हणजे माझं डोकं खालच्या अंगाला. चार बोटं पाण्यात कोंबडी चालते. उताण्या माणसाच्या नाकाला ती पुरतात.

थोरल्या जावेने ते आधी पाहिलं. माझी थोरली जाऊ सत्तरीच्या पुढची, वाकलेली. मिठागरात आणि बांधावर जन्म गेलेला. तिचे पाय मला कुठेही ओळखू येतील, मिठाने चिरलेल्या टाचा.

"पानी सुटलं," ती म्हणाली. "गाडीचं ऱ्हाऊ द्या. पयला बांध घाला."

"बाय, बांध काय घालताय, ती मरतेय तिकडं," एकजण म्हणाली.

"म्हनूनच घाल सांगते. ये इकडं, फावडं घे."

त्याच वेळी रिक्षा आली. नवरा उतरला. चाक त्याच्या हातून सुटून गडगडत गेलं, ते मला ऐकू आलं.  त्याने जॅक उचलला, दांड्याखाली लावला आणि त्याचं हँडल सपासप मारायला लागला. गाडी वर आली नाही, जॅक खाली गेला. मातीत बुडून तिरका झाला आणि गाडी अजून एक बोट माझ्यावर आली. माझ्या तोंडातून आवाज निघाला. तो कसला होता मला माहीत नाही.

"सोड तो जॅक," थोरली जाऊ माझ्या नवऱ्याला म्हणाली. "मारशील तिला."

"मग काय करू, बघत बसू?"

"पाटा आन मोरीवरचा. जॅकखाली दे. उचलू नको, नुस्ता टेकव. गाडी खाली नाय आली म्हनजे झालं."

"आणि ही बाहेर कशी येणार?"

"गाडी वर जात नाय तर तिला खाली घालू. चिखल हाय की. खणा तिच्याखालचा."

नवऱ्याने पाटा आणला, जॅकखाली दिला, आणि ऐकलं तर नाहीच, हँडल एकदा मारून पाहिलं. पाट्याला मधोमध तडा गेला. मग त्याने हात काढून घेतला. पाटा दोन तुकड्यांत का होईना, चिखलावर आडवा राहिला आणि जॅक उभा राहिला. गाडी यायची थांबली.

तो गाडीला वळसा घालून पुढे आला आणि त्याला पुढच्या चाकापुढची रिकामी जागा दिसली.

"वरवंटा कोनी काढला हितला?"

 मग सून म्हणाली, "मी."

"तू? डोकं हाय का तुला? गाडी जॅकवर, मानूस खाली, नि तू दगड काढतेस? पापड महत्त्वाचे झाले?"

 आईंनी सांगितलं, असं ती म्हणाली नाही. मी तीन हातांवर होते. मला सगळं ऐकू येत होतं. बोलायला जेवढी हवा लागते तेवढी माझ्याकडे नव्हती, आणि असती तर मी ती यावर खर्च केली असती का, ते मला सांगता येत नाही.

"भांडन मागनं," जाऊ म्हणाली. "आत कोन जाईल? बारीक कोन हाय?"

सगळ्या अंगाने भरलेल्या. जाऊ म्हातारी, नवऱ्याचं पोट. सून पदर खोचत होती.

"तिला नको," नवरा म्हणाला. "तिला चिखल म्हाईत नाय."

"चिखलाला ती म्हाईत व्हईल," जाऊ म्हणाली. "जा गो पोरी. उजव्या अंगानं जा, तिकडं चाक हाय. फावडं नको, हातानं काढ. आदी पाठीखालचा, मंग खांद्याखालचा. डोक्याखालचा काढू नको, बुडंल ती."

सून पोटावर सरपटत आत आली. ती आत शिरली तेव्हा त्या गाडीखाली एकीऐवजी दोघी झाल्या, आणि गाडी अजून तडा गेलेल्या पाट्यावर होती. हे तिला कळत होतं. तिचे दात वाजत होते. भर दुपार होती, उन्हाळा होता.

तिने हात माझ्या पाठीखाली घातला आणि चिखल ओंजळीने मागे ढकलायला लागली. मागून जाऊ तो घमेल्यात ओढून घेत होती. तोच चिखल दुसऱ्या बायका माझ्या डोक्याच्या पलीकडे थापत होत्या. खाडीकाठच्या बाईला बांध शिकवावा लागत नाही. गोळा टाकायचा, पायाने दाबायचा, वर दुसरा. पाणी माझ्या कानांपर्यंत आलं होतं. बोलणं आता विहिरीतून आल्यासारखं यायचं. मग ते कानांपाशीच थांबलं. बांधाच्या पलीकडे चढत होतं, अलीकडे नव्हतं. झिरपत होतं तेवढं कोणीतरी वाटीने उपसत होतं. पापडाच्या तेलाची वाटी. पाण्यावर तेलाचे थेंब माझ्या डोळ्यांसमोरून जात होते.

"आई, जरा खाली गेल्यासारखं वाटतंय का?"

मला वाटत नव्हतं. मी पापण्या मिटल्या, ते तिने हो धरलं.

खूप वेळ काहीच झालं नाही. ती एक ओंजळ काढायची आणि चिखल अर्धी ओंजळ परत आणून द्यायचा. मला तेव्हा एकच वाटत होतं, की माझं जे बरं वाटण्याचं ठिकाण होतं ते हे, आणि इथेच माझं संपत चाललं आहे. कोणताच देव आठवला नाही. चौथा नट आठवला. तो कुठे पडला असेल, नवीन, न गंजलेला, शोधावा लागेल, असं काहीतरी.

मग पाठीखालून फस् करून काहीतरी सुटलं आणि मी खाली बसले. चार बोटं. गोळा छातीवरून सुटला नाही, पण सैल झाला. मी श्वास घेतला. तो इतका दुखला की मी ओरडले, आणि ओरडता आलं म्हणून बाहेर बायका हसल्या. रडत होत्या आणि हसत होत्या.

"आवाज आला. आवाज आला तिचा."

"अजून दोन वंजळी," जाऊ म्हणाली. "मंग पाय वढा. सरळ. वाकडं नाय."

माझ्या अंगात नवऱ्याचा जुना शर्ट होता, तो बोल्टात अडकला होता. सुनेने तो दातांनी फाडला. मग तिने माझ्या छातीवर, गोळ्याच्या आणि माझ्या मधे, स्वतःचा हात आडवा घातला. खरचटू नये म्हणून असेल. नवऱ्याने एक पाय धरला, जाऊने एक. ओढलं. मी चिखलावरून ओली फळी सरकावी तशी मागे आले. आभाळ इतकं पांढरं होतं की मी डोळे मिटले.

"सून," मी म्हटलं. तो पहिला शब्द.

ती अजून आत होती. तिचा हात गोळ्याखाली होता आणि मी निघाल्यावर तिला तो सोडवता येत नव्हता. नवरा उजव्या बाजूने आडवा पडला, पोट अडेपर्यंत आत गेला, तिच्या कमरेला धरून तिला बाहेर ओढली. कोपरापासून मनगटापर्यंत साल गेली होती. ती बाहेर आली, बसली, आणि उलटी केली. नंतर पाटा अजून थोडा तडकला आणि गाडी त्या खड्ड्यात टेकली. पाणी आलं ते त्या खड्ड्यावरून गेलं.

पेणच्या दवाखान्यात सांगितलं, तीन बरगड्या आणि गळ्याजवळचं हाड. महिनाभर पडून राहायचं. मुलगा कंपनीतून शिफ्ट सोडून आला. नातेवाईक आले. जो येईल त्याला नवरा पहिल्यापासून सांगायचा. मी पेणला गेलो, ही खाली होती, आणि सुनेने पापडासाठी वरवंटा काढला. लोक सुनेकडे बघायचे. ती हाताला पट्टी बांधून चहा द्यायची. कोणी म्हणायचं, डोंगराकडच्या मुलींना गाडीची काय माहिती. कोणी म्हणायचं, जाऊ दे, लहान आहे.

मी आठ दिवस काही बोलले नाही. पहिले दोन दिवस बोलता येत नव्हतं. पुढचे सहा दिवस येत होतं.

गाडीखाली मी अडकले ते दुपारपुरतं. त्या खाटेवरचे सहा दिवस जास्त जड गेले. ती जेवण भरवायला आली की मी भिंतीकडे बघायची. गाडीचं मला कळतं, हे घरात सगळ्यांनी मानलेलं. तेवढं एकच माझ्या नावावर होतं. ते जाणार, म्हणून तोंड उघडत नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं.

आठव्या दिवशी मुलगा म्हणाला, हिला चार दिवस माहेरी सोडून येतो, रोह्याला. इथे सगळे तिलाच बोलतात. ती पिशवी भरत होती. तेव्हा मी नवऱ्याला हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. वरवंटा मी न्यायला सांगितला. तिने विचारलं होतं, गाडीला काय लावू. मी म्हटलं, काही नको, गाडी गिअरमध्ये आहे. आणि शाफ्ट मीच सोडवत होते.

 गाडीचं कळणाऱ्याला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. नवरा एवढंच म्हणाला, "शाफ्ट सोडताना गिअर?" आणि उठून बाहेर गेला. आजही मी काही सांगायला गेले की तो हे तीन शब्द म्हणतो आणि मी गप्प बसते.

मी सुनेला म्हटलं, "तू का नाही बोललीस?"

"काय बोलणार. तुम्ही मरत होतात."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही जिवंत होतात. मला वाटलं, तुमचं तुम्ही सांगाल." पिशवीची चेन लावत म्हणाली, "आठ दिवस लागले."

ती रोह्याला गेलीच. चारऐवजी बारा दिवस राहून आली. 

गाडी चालू आहे. नवीन क्रॉस नवऱ्याने आणलेलाच बसवला, मिस्त्रीकडे. आता चाकांना चारही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावतात आणि ते पापडाला लागत नाहीत. वरवंटा आत, चुलीजवळ. पाट्याचे दोन तुकडे मोरीला लावलेत. बरगड्या थंडीत दुखतात. सहा महिन्यांनी मी पुन्हा खाली गेले, कारण ग्रीस कोणीतरी मारायला हवं. सून कधी गेली नाही. पाने देते, पण आत वाकून बघत नाही, आणि मी तिला सांगतही नाही. तिच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा पट्टा आहे. भाकरी थापताना तो दिसतो. चिखलात ती अजूनही रुतते. कोरड्यातली मी आता म्हणत नाही.

त्या दिवशी गाडीखाली आम्ही दोघी होतो, मी आणि माझी सून. दोघी जगलो.